वाहनाची बॅटरी आणि घरची वीज

विजेवर चालणारी वाहने आता शहरापुरती राहिलेली नाहीत. वर्धा-नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनारसारख्या गावातही विजेच्या दुचाकी, तीनचाकी रिक्षा आणि क्वचित मोटारी दिसू लागल्या आहेत. अशा प्रत्येक वाहनाच्या पोटात विजेचा एक मोठा साठा असतो. वाहन दिवसाचे वीस-बावीस तास उभेच असते. तेव्हा त्या साठ्याचा घरच्या दिव्यापंख्यांसाठी उपयोग करता येणार नाही काय, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वीज गेल्यावर घर उजळावे, आणि पुढेमागे आपली शिल्लक वीज जाळ्याला देऊन चार पैसे मिळावेत, अशी अपेक्षाही त्यामागे असते.

ह्या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘होय’ असे नाही आणि ‘नाही’ असेही नाही. काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत, काहींना अद्याप वेळ आहे, आणि काही गोष्टी तर जिवावर बेतणाऱ्या असल्याने मुळीच करू नयेत. ह्या तिहींतील फरक गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना स्पष्ट व्हावा, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

बॅटरी म्हणजे विजेची कणगी

धान्य हंगामात एकदाच येते, पण खावे लागते वर्षभर. म्हणून शेतकरी कणगी ठेवतो. विजेचे तसे नाही. वीज ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी ती खर्च व्हावी लागते. बॅटरीमध्ये विजेचे रूपांतर रासायनिक शक्तीत होते व हवी तेव्हा ती पुन्हा वीज म्हणून काढता येते. म्हणून बॅटरीस विजेची कणगी म्हणता येईल. फरक एवढाच की, ह्या कणगीत घालताना आणि काढताना थोडी गळती होते. शंभर युनिट भरले तर घरात वापरण्यास साधारणपणे ऐंशी ते पंचाऐंशी युनिट हाती येतात. उरलेले उष्णतेच्या रूपाने वाया जातात.

कणगीचे माप पायलीत करतात, तसे बॅटरीचे माप युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासात करतात. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. वीजबिलातील युनिट ते हेच. गावात आढळणाऱ्या वाहनांचे माप सामान्यतः पुढीलप्रमाणे असते.

विजेची दुचाकी: २ ते ४ युनिट.
शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्यांची रिक्षा: सुमारे ५ युनिट.
विजेची मोटार: ३० ते ६० युनिट.

वाहन विकत घेताना मिळालेल्या पुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो. पुढील कोणताही हिशेब करण्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

बॅटरीतील वीज एकदिश असते, तर घरातील दिवे-पंखे प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या विजेवर चालतात. एकीचे रूपांतर दुसरीत करणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात. वाहनात किंवा वाहनाबाहेर योग्य इन्व्हर्टर नसेल, तर साठा कितीही मोठा असला तरी त्याचा घराला उपयोग नाही.

ही कल्पना आली कोठून

वाहनाची वीज जाळ्याला परत देण्याची कल्पना अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन व त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली. परंतु तिची निकड लोकांस पटली ती जपानमध्ये. ११ मार्च २०११ रोजी तेथे प्रचंड भूकंप व त्सुनामी होऊन अनेक वीजकेंद्रे बंद पडली. पेट्रोलचीही टंचाई झाली. ह्या अनुभवातून निसान कंपनीच्या ‘लीफ’ ह्या मोटारीतून घराला सुमारे ६ किलोवॅट वीज देणारे यंत्र २०१२ मध्ये तेथे विक्रीस आले. पुढे २०१६ मध्ये डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग येथे विजेच्या दहा मालवाहू गाड्या सायंकाळपासून सकाळपर्यंत उभ्या असताना जाळ्यास जोडून ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या गाड्या जाळ्याच्या गरजेप्रमाणे कधी वीज घेत, तर कधी देत.

आपल्या देशात ह्यातील पहिली पायरी आलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेली ह्युंदाई आयोनिक-५, सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या रूपात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही, जानेवारी २०२५ मध्ये आलेली ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक अशा काही मोटारींच्या निवडक प्रकारांत बाहेरची उपकरणे चालविण्याची सोय कारखान्यातूनच दिलेली असते. त्यातून साधारणपणे ३ ते ३.५ किलोवॅटपर्यंत वीज घेता येते. जाळ्याला वीज परत देण्याच्या पायरीवर मात्र अजून प्रयोगच चालले आहेत. केरळ राज्य वीज मंडळाने पवई येथील आयआयटी मुंबईच्या सहकार्याने २०२५ मध्ये असे प्रायोगिक काम हाती घेतले.

ह्यावरून तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, वाहनातून थेट उपकरणाला वीज. दुसरी, वाहनातून घराच्या वायरिंगला वीज. तिसरी, वाहनातून जाळ्याला वीज. प्रत्येक पायरीची साधने, नियम व धोके वेगवेगळे आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधली, असे समजू नये.

घरचा हिशेब

पवनारसारख्या गावातील एक पाच माणसांचे शेतकरी कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. जूनच्या वादळात खांब पडून गावठाणाची वीज गेली, असे समजू. घरात अत्यावश्यक उपकरणे पुढीलप्रमाणे आहेत.

९ वॅटचे पाच एलईडी दिवे, ५ तास: ०.२३ युनिट.
७५ वॅटचे दोन पंखे, ८ तास: १.२० युनिट.
८० वॅटचा दूरदर्शन संच, ३ तास: ०.२४ युनिट.
लहान फ्रीज, दिवसभरात: सुमारे १ युनिट.
मोबाइल व किरकोळ: ०.१० युनिट.

एकूण पावणेतीन युनिट होतात. त्यात २०० वॅटचा कूलर रात्री ८ तास चालविला तर १.६ युनिट वाढून बेरीज सुमारे ४.४ युनिटवर जाते.

आता ह्या घरी ४० युनिटची मोटार आहे व वीज गेली तेव्हा ती ८० टक्के भरलेली होती, असे धरू. म्हणजे साठा ३२ युनिटचा. हा सर्व साठा घरात खर्च करणे शहाणपणाचे नाही. वादळाच्या रात्रीच एखाद्यास सर्पदंश होतो, बाळंतपणाची वेळ येते, आणि सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे धाव घ्यावी लागते. म्हणून १२ युनिट, म्हणजे साधारण सत्तर किलोमीटरची बेगमी, बाजूला ठेवावी. राहिले २० युनिट. इन्व्हर्टरमधील दहा टक्के घट वजा जाता १८ युनिट घरास मिळतील. कूलरसह दररोज ४.४ युनिट लागत असल्यास हा साठा चार दिवस, आणि कूलरविना सहा दिवस पुरेल.

प्रत्यक्षात मात्र ह्याहून थोडे कमीच पदरात पडते. उपकरणे चालविण्यासाठी मोटारीची स्वतःची यंत्रणाही जागी ठेवावी लागते व तीही काही वीज खाते. एकच दिवा रात्रभर लावून ठेवल्यास दिव्यापेक्षा मोटारच अधिक वीज खाईल. तेव्हा कागदावर चार दिवस निघाले तर तीन दिवस धरावेत, आणि उपकरणे दिवसभर पसरून न वापरता ठराविक तासांत वापरून वाहनाचे बटण मधल्या वेळी बंद ठेवावे. फ्रीज बंद काळात उघडू नये. त्यातील गारवा काही तास टिकतो.

दुचाकीच्या मालकास मात्र ह्या सोयीची आशा धरता येणार नाही. बहुतेक दुचाकींत बाहेरची उपकरणे चालविण्याची सोयच नसते, आणि ती नसताना बॅटरीचे आवरण उघडून तारा काढणे हा आगीस दिलेला आमंत्रणाचा विडा होय. त्यामुळे कंपनीची हमीही संपुष्टात येते.

विहिरीवरील पंप चालेल काय

हा प्रश्न शेतकरी सर्वप्रथम विचारतात, म्हणून त्याचे उत्तर स्वतंत्रपणे देणे इष्ट आहे. ३ अश्वशक्तीचा पंप चालू असताना सुमारे ३ किलोवॅट वीज घेतो. म्हणजे पाच तासांच्या ओलितास १५ युनिट लागतात. मोटारीच्या साठ्याचा जवळजवळ अर्धा भाग एका ओलितात संपेल. शिवाय दोन अडचणी आहेत. विहिरीवरील बहुतेक पंप थ्री-फेज असतात, तर वाहनातून मिळणारी वीज सिंगल-फेज असते. दुसरे असे की, पंप सुरू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. तो धक्का वाहनाचा इन्व्हर्टर सोसू शकत नाही व बंद पडतो.

यास्तव वाहनाची बॅटरी ओलितासाठी नाही, हे निश्चित समजावे. कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्यास रात्री अंधारात, विंचूकाट्यात ओलितास जावे लागते, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरील उपाय सौर कृषिपंप आणि दिवसा वीज देणारी सौर वाहिनी हा होय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये ह्याच हेतूने सुरू करण्यात आली. बॅटरी घरासाठी आणि सौरशक्ती शेतासाठी, अशी वाटणी केल्यास दोन्हींचा योग्य उपयोग होईल.

रिक्षाच्या जुन्या बॅटऱ्या

मोटारीपेक्षा गावात अधिक सहज मिळणारी वस्तू म्हणजे रिक्षातून काढलेल्या शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटऱ्या. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास अशा चार बॅटऱ्या नव्या असताना त्यांत ४.८ युनिट मावतात. जुन्या झाल्यावर त्यांची धारणशक्ती ६० टक्क्यांवर आली असे धरल्यास २.९ युनिट उरतात. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास ती लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरावी, म्हणजे १.४ युनिट. इन्व्हर्टरची घट वजा जाता हाती १.२ युनिट येतात. दोन पंखे एक रात्र चालतील, एवढाच हा साठा आहे. स्वस्तात मिळाल्या म्हणून कोणी भारी किंमत देऊ नये, यासाठी हा हिशेब दिला आहे.

अशा बॅटऱ्या वापरावयाच्या झाल्यास एकाच वयाच्या व एकाच बनावटीच्या घ्याव्यात. एका ओळीत जोडलेल्या बॅटऱ्यांत एक जरी दुबळी असली तरी ती इतरांस ओढून खाली आणते. बैलजोडीत एक बैल थकलेला असावा, तसा हा प्रकार होतो. भरताना त्यांतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून त्या मोकळ्या हवेच्या जागी ठेवाव्यात व जवळ चूल, देवाचा दिवा वा विडी नेऊ नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

मोटारींच्या लिथियम बॅटऱ्यांचेही दुसरे आयुष्य असते. धारणशक्ती ७० ते ८० टक्क्यांवर आली की, त्या वाहनास अपुऱ्या पडतात. पण एका जागी ठेवून घरास वा दुकानास वीज देण्याचे हलके काम त्या आणखी काही वर्षे करू शकतात. मात्र त्यांचा प्रत्येक कोश तपासून, निवडून व नियंत्रक बसवूनच त्या पुन्हा जोडाव्या लागतात. हे काम प्रशिक्षित कारखान्याचे आहे, घरचे वा गावातील दुरुस्ती-दुकानाचे नव्हे. केंद्र शासनाच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची वा पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. निकामी बॅटरी उकिरड्यावर, विहिरीजवळ वा नदीपात्रात टाकू नये. शिसे जमिनीत व पाण्यात उतरले तर ते पिढ्यान् पिढ्या त्रास देते.

वायरमनचा जीव

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, वाहनाची वा इन्व्हर्टरची वीज घराच्या वायरिंगमध्ये सोडताना घराचा बाहेरील जाळ्याशी असलेला संबंध पूर्णपणे तुटलेला असला पाहिजे.

ह्याचे कारण समजून घ्यावे. गावाच्या रोहित्रात येणारा ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरांना दिला जातो. हेच रोहित्र उलट्या दिशेनेही काम करते. एखाद्याने दोन्ही टोकांना पिना असलेली तार वापरून वाहनाची वीज घरातील सॉकेटमध्ये उलटी घातली, तर ती मीटरमधून बाहेर पडून रोहित्रापर्यंत पोहोचू शकते व तेथे तिचा दाब वाढून मुख्य तारांत उतरतो. त्या वेळी खांबावर दुरुस्तीस चढलेला वायरमन लाइन बंद केलेली आहे ह्या विश्वासाने काम करीत असतो. घरात दोन पंखे फिरावेत म्हणून केलेली ही युक्ती त्याचा प्राण घेऊ शकते. शिवाय जाळ्याची वीज अचानक परत आली, तर वाहनाचा इन्व्हर्टर जळून घरासही आग लागू शकते. अशी दुहेरी पिनांची तार कोणाच्या घरी आढळल्यास ती तत्काळ काढून टाकण्यास सांगावे.

सुरक्षित मार्ग दोन आहेत. पहिला व सोपा मार्ग म्हणजे घराच्या वायरिंगला हातच न लावता वाहनाच्या सॉकेटमधून चांगल्या जाडीच्या तारेने उपकरणे थेट जोडणे. अडीअडचणीच्या प्रसंगी बहुतेक कुटुंबांस हाच मार्ग पुरेसा आहे. दुसरा मार्ग म्हणजे परवानाधारक ठेकेदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. ह्या स्विचमुळे घर एका वेळी एकाच बाजूस जोडले जाते, जाळ्याला तरी किंवा बॅटरीला तरी. दोन्ही एकदम जोडले जाणे त्यात शक्यच नसते. परंतु वाहनातील इन्व्हर्टरचा न्यूट्रल सामान्यतः जमिनीस जोडलेला नसल्याने घरातील गळती-संरक्षक स्विच अशा वेळी अपेक्षेप्रमाणे काम करीलच, असे नाही. म्हणून वाहन-उत्पादकाच्या पुस्तिकेत घराच्या वायरिंगला जोडण्याची परवानगी स्पष्टपणे दिलेली असेल तरच हा मार्ग पत्करावा.

छतावर सौर पत्रे असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वीज गेली की, जाळ्याशी जोडलेले छतावरील संच भर उन्हातही बंद पडतात. तो बिघाड नसून वायरमनच्या रक्षणासाठी मुद्दाम केलेली योजना आहे. कोणी तंत्रज्ञ ती ‘काढून देतो’ म्हणाल्यास त्यास नकार द्यावा.

उन्हाळा, कापूस आणि आग

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याहूनही वर जातो. उष्णता ही बॅटरीची पहिली शत्रू होय. वाहन उघड्या उन्हात उभे न करता निंबाच्या सावलीत वा मांडवाखाली ठेवावे. प्रवासाहून आल्याबरोबर भरण्यास लावू नये. बॅटरी निवल्यावर लावावी. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर रोज शंभर टक्के भरण्याचा अट्टाहास धरू नये. ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणे व वीस टक्क्यांखाली न उतरविणे हे आयुष्यास हितकर असते.

वर्धा जिल्हा कापसाचा आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच, कित्येकदा वसरीत किंवा पुढच्या खोलीत रचून ठेवण्याची पद्धत आहे. दुचाकीही रात्री त्याच खोलीत आणून भरण्यास लावली जाते. ही सवय अत्यंत धोक्याची आहे. वाहन भरण्याची जागा कापूस, कडबा, कुटार व गवताच्या गंजीपासून दूर आणि घराच्या बाहेर जाण्याच्या वाटेपासून बाजूला असावी. आग लागल्यास घरातील माणसांची वाटच अडली जाऊ नये, हा त्यातील हेतू आहे. भरण्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, योग्य एमसीबी व उत्तम अर्थिंग असावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थिंग दुबळे होते.

बॅटरी फुगणे, तिखट वास येणे, फुसफुस आवाज होणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सुरक्षित असल्यास मुख्य स्विच बंद करून सर्वांनी दूर जावे व १०१ वर अग्निशमन दलास कळवावे. लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो, आणि विझल्यासारखी दिसणारी आग पुन्हा भडकते. म्हणून वाहन वाचविण्यासाठी कोणीही जवळ जाऊ नये.

जाळ्याला वीज देणे

आता तिसऱ्या पायरीकडे वळू. जाळ्याला वाहनांची वीज हवी तरी कशासाठी? दुपारी सौरशक्तीची वीज मुबलक असते. परंतु सूर्य मावळताच ती संपते आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे व शेगड्या सुरू होतात. दुपारची वीज सायंकाळपर्यंत साठविता आली तर ही ओढाताण कमी होते. महाराष्ट्रात हे काम पाण्याच्या साहाय्याने केले जातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर येथे वीज स्वस्त व मुबलक असेल तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढवितात आणि टंचाईच्या वेळी ते खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज निर्माण करतात.

वाहनांच्या बॅटऱ्या म्हणजे असेच, पण गावोगाव विखुरलेले छोटे जलाशय होत. एका वाहनाने ३ किलोवॅट दिले तर १,००० वाहने मिळून ३ मेगावॅट होतात. घाटघरची बरोबरी करण्यास सुमारे ८३,००० वाहने एकाच वेळी जोडलेली असावी लागतील. ह्यावरून ह्या कल्पनेचे बळ व तिची मर्यादा ह्या दोन्ही ध्यानात येतील. एकट्यादुकट्या वाहनाने जाळ्यास काही फरक पडत नाही. हजारो वाहने एका व्यवस्थेखाली आली तरच पडतो.

त्यासाठी दोन्ही दिशांनी वीज वाहू देणारा चार्जर, त्यास अनुरूप वाहन, आवक-जावक मोजणारे मीटर, जाळे बंद पडताच वीज तोडणारी संरक्षक यंत्रणा, आणि वीज वितरण कंपनीची मंजुरी व करार एवढ्या गोष्टी लागतात. छतावरील सौर विजेसाठी नेट मीटरिंगची व्यवस्था महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी घालून दिली आहे. परंतु सौर संचास मिळालेली मंजुरी वाहनास लागू होते, असा समज करून घेऊ नये.

पैशाचा हिशेब काय सांगतो

बॅटरीतून काढलेले प्रत्येक युनिट तिचे आयुष्य थोडे झिजविते. ४० युनिटची बॅटरी २,००० वेळा पूर्ण भरून रिकामी होऊ शकते, व ती बदलण्यास ४ लाख रुपये लागतात असे उदाहरणापुरते धरू. तिच्यातून आयुष्यभरात ८०,००० युनिट निघतील. म्हणजे युनिटमागे झीज ५ रुपये. बॅटरी न वापरताही काळाने जीर्ण होतेच, त्यामुळे हा आकडा काटेकोर नव्हे. पण तुलनेस तो पुरेसा आहे.

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ ह्या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत देण्याची पद्धत महावितरणने १ जुलै २०२५ पासून सुरू केली. चालू दर प्रत्येकाने आपल्या बिलावरून पाहून घ्यावा. परंतु एवढ्या फरकासाठी दिवसा वाहन भरून रात्री रोज घरात रिकामे करणे म्हणजे एक रुपया वाचविण्यासाठी पाच रुपयांची झीज सोसणे होय. तो व्यवहार आज तरी आतबट्ट्याचा आहे. सवलतीच्या वेळेत वाहन भरून ते वाहन म्हणूनच वापरावे, त्यात मात्र निश्चित लाभ आहे.

अडचणीच्या वेळचा हिशेब वेगळा निघतो. लहान पेट्रोल जनित्र लिटरमागे सुमारे दोन युनिट देते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास युनिट ५० रुपयांस पडते. त्याउलट वाहनातील युनिट, भरण्याचा खर्च व झीज धरूनही, पंधरा रुपयांच्या आसपास पडते. शिवाय आवाज नाही व धूर नाही. तात्पर्य, वर्षातून काही दिवस वीज जाते तेव्हा वाहनाची बॅटरी उत्तम सोबती आहे. रोजच्या उलाढालीस ती नाही. केवळ घराला वीज मिळेल म्हणून कर्ज काढून मोटार घेणे तर कोणासही परवडणारे नाही. तेवढ्यासाठी साधा घरगुती इन्व्हर्टर पुष्कळ स्वस्तात मिळतो.

ज्यांचे छत मोकळे आहे त्यांनी प्रथम छतावरील सौर संचाचा विचार करावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. असा संच निरभ्र दिवशी साधारण १२ युनिट देतो. वाहन दुपारी घरी असेल तर त्याच विजेवर ते भरता येईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

१. गावात विजेची किती व कोणती वाहने आहेत, आणि त्यांपैकी किती वाहनांत बाहेरची उपकरणे चालविण्याची सोय आहे, ह्याची यादी करावी.

२. ग्रामपंचायतीची घंटागाडी विजेवर चालणारी असल्यास तिच्या पुस्तिकेतील माहिती पाहून ठेवावी. नवीन वाहन घेताना अशी सोय असलेले मिळते काय, ह्याची चौकशी करावी.

३. वादळाच्या दिवसांपूर्वी, म्हणजे मे अखेरीस, घरोघरी चार्जिंगची जागा, अर्थिंग व तारा पाहण्याची मोहीम घ्यावी. कापसाच्या ढिगाजवळ चार्जिंग होत असल्यास ते थांबवावे.

४. दुहेरी पिनांची तार, उघडी बॅटरी व घरगुती जोडण्या ह्यांचा धोका ग्रामसभेत समजावून सांगावा. वायरमनला त्या सभेस आवर्जून बोलवावे. त्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट लोकांस अधिक पटेल.

५. निकामी बॅटऱ्या विक्रेत्याकडे वा अधिकृत संकलन केंद्राकडे परत जातील, असे पाहावे.

६. वीज गेल्यावर कोणत्या वाहनाने कोणाची गरज प्रथम भागवावयाची, हे आधीच ठरवावे. घरात श्वसनयंत्रावर असलेला रुग्ण, इन्सुलिन थंड ठेवण्याची गरज असलेला वृद्ध, लहान मुलांचे घर, असा क्रम लावणे योग्य होईल.

शेतकरी कणगीतील धान्य बियाण्याचे वेगळे, खाण्याचे वेगळे व विकावयाचे वेगळे असे ठेवतो आणि बियाण्यास सहसा हात लावीत नाही. वाहनातील विजेबाबतही हीच शिस्त पाळावी. रुग्णास पोहोचविण्यापुरती वीज हे बियाणे समजून राखून ठेवावे, घरच्या दिव्यापंख्यांना लागेल तेवढीच काढावी, आणि विकण्याचा विचार जाळे, मीटर व नियम ह्या तिन्हींची तयारी झाल्यावर करावा. तोवर प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाहनाची पुस्तिका उघडून त्यातील युनिटचा आकडा पाहावा आणि वरीलप्रमाणे आपल्या घराचा हिशेब एका कागदावर मांडून मीटरजवळ चिकटवून ठेवावा.